बाबांनी बंद केलेलं पाणी

थोरल्याने दोन्ही हातांनी जोर लावला, पण जिन्याखालच्या मेन कॉकचं चाक तसूभरही हललं नाही. तळहात पँटला पुसत तो धाकट्या बहिणीकडे बघून हसला. बाबा गेल्यापासूनचं त्याचं हे पहिलंच हसू.

"बघितलंस? काय पकड होती म्हाताऱ्याची!"

"पकड राहू दे. शेजारून बादल्या आणून माझी कंबर गेली. पाना लाव आणि उघड."

"पाना नाही लावायचा. शेवटचा हात त्यांचा लागलाय याला."

बाबा प्लंबर. जन्मभर लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या उपसलेला माणूस. कुठल्याशा घरात रात्रीतून पाइप फुटून पाळण्यापर्यंत पाणी चढलेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून निजण्याआधी घरचा मेन कॉक बंद केल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. काम सोडल्यावरही नेम चुकला नाही. "आपल्या घरात पाणीसुद्धा वेळेवर झोपतं," असं म्हणून ते पोरांना हसवायचे. हात असा, की धाकटीच्या वेण्या घालायचे तेव्हा तिचे डोळे ताणले जायचे, आणि तरी तिला वेण्या त्यांच्याकडूनच हव्या असायच्या.

थोरला कामासाठी लांब राहायचा. फोनवर तब्येत विचारली की बाबांचं उत्तर ठरलेलं. "कॉक अजून मीच बंद करतो. तू नको काळजी करू." मग याचाही जीव भांड्यात पडायचा. पुढच्या सुट्टीत जाऊ म्हणता म्हणता सुट्ट्या सरल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आता हा कॉक दाखवत होता. शेवटपर्यंत खणखणीत होते हो, असं सांगत होता.

"सर जरा."

आई मागे उभी होती. हातात फडक्यात गुंडाळलेला पाना. तिने वाकून, न बघताच तो चाकाला बसवला, खांद्याने एकच हिसडा दिला. पाइपांतून गुरगुर वर चढत गेली, स्वयंपाकघरातला नळ खोकला आणि वाहू लागला.

दोघं तिच्याकडे बघत राहिली.

"हातात जोरच उरला नव्हता त्यांच्या," आई म्हणाली. "कॉक अर्धाच बंद व्हायचा. रात्री नळ ठिबकला असता तर त्यांना कळलं असतं. म्हणून ते झोपले की मी आवळायची, आणि पहाटे ते उठायच्या आत सैल करून ठेवायची. त्या पहाटे सैल केला नाही. ते उठणार नव्हते."

"कधीपासून?" थोरल्याने विचारलं.

"तू शेवटचा आला होतास ना, त्याच्यानंतर लगेच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनाच कळू दिलं नाही, तुला कुठून सांगू? तेवढं एक काम आपल्याला जमतंय, असं वाटायचं रे त्यांना."

थोरला जिन्याच्या पायरीवर बसला. चाकावरून त्याने एकदा बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

पाना पुन्हा फडक्यात गुंडाळून आई स्वयंपाकघरात गेली. सवयीने तिने पिठाचा डबा पुढे ओढला, पाना त्याच्यामागे सरकवायला हात घातला, आणि हात तिथेच थांबला. थोड्या वेळाने तिने पाना बाहेर काढून ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने रडू लागली.