आधीच्या मुलीचा आकडा

हॉस्पिटलात तिला सगळे पंपमावशी म्हणत. लहान मुलाचं हृदय दमलं, की नवं हृदय मिळेपर्यंत पोटाबाहेर बसवलेला एक पंप त्याचं रक्त फिरवतो. तो पंप आणि त्याला हवा पुरवणारं चाकांवरचं यंत्र सांभाळणं हे तिचं काम. बावीस वर्षं केलेलं. माझ्या हातांनाच डोळे आहेत, असं ती कौतुकाने सांगायची. आणि घात केला तो नेमका हातांनीच.

खोलीतली मुलगी सहा वर्षांची. जन्मतःच हृदयाचा एक कप्पा अपुरा, तीन ऑपरेशनं झालेली, आता नव्या हृदयाच्या यादीत. अंगाने काडी, पण तोंड असं, की मोठ्या सर्जनलाही "तुमचे हात गार आहेत, आधी खिशात घाला" म्हणून सुनावणारी. पोटावर लिंबाएवढा पारदर्शक पंप. टक् टक् करत तो रक्त आत घेई, बाहेर ढकली. दर चार तासांनी टॉर्च मारून बघायचं, आत रक्त गोठून पांढरा धागा तर धरला नाही ना. तो सुटून मेंदूत गेला, तर यादीतून नाव गेलं आणि पोरही गेली.

आज सकाळी आठ वाजता नर्सने टॉर्च मारला आणि पंपमावशीला हाक घातली. कडेला तीळभर पांढरं दिसत होतं. आतल्या पडद्याला बारीक सुरकुती होती, म्हणजे पंप पुरता रिकामाच होत नव्हता. मावशीने यंत्राकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. काल संध्याकाळी सर्जनने हवेचा दाब वाढवून दोनशे दहावर न्यायला सांगितला होता. तक्त्यावर तिच्याच अक्षरात दोनशे दहा होते. यंत्रावर एकशे साठ. रात्रपाळीनेही तिच्या अक्षरावर विश्वास ठेवून तक्ताच वाचला होता.

एकशे साठ हा या मुलीचा आकडाच नव्हता. तो आधीच्या मुलीचा; काल मावशीच्या हातांनी सवयीने तोच लावला होता. आठ वर्षांची ती, याच यंत्रावर पाच महिने काढलेली. तिच्यासाठी हृदय आलं नाही, धागा मात्र आला. शेवटी आईवडील हो म्हणाले, डॉक्टर हो म्हणाले, आणि बंद करायचं बटण पंपमावशीने दाबलं. मग नेहमीप्रमाणे यंत्र पुसलं, तपासलं, या खोलीत आणून लावलं. तेव्हापासून ती टक् टक् मावशीच्या कानातून जाईना. घरी भाजी चिरताना सुरीसुद्धा त्याच ठेक्यात पडे. तिला भीती वाटे, आणि त्याहून वाईट म्हणजे बरंही वाटे, जणू ती पोर अजून चालूच आहे.

मावशीने गुपचूप दाब दोनशे दहावर नेला. कोणी पाहिलं नाही. सर्जन आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "रक्त आहे, गोठायचंच. अकरा वाजता पंप बदलू."

तक्ता तिच्या बाजूने होता. गप्प बसली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. दहा वाजेपर्यंत ती गप्प बसलीही. मग तिला राहवेना. ती सर्जनच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"लेखी द्या मला," ते म्हणाले. "आणि पंप तुम्हीच बदलायचाय. दुसरं आहे कोण इथे? पण आईला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

आई लेकीचे मोजे जोड्या लावून ठेवत होती. मावशीने तिला सगळं सांगितलं.

"त्या मुलीचं काय झालं?"

"गेली."

"आणि माझी पोर रात्रभर तिच्या आकड्यावर होती."

"हो, ताई."

हिने आकांडतांडव करावं, असं मावशीला मनापासून वाटलं. आईने आवाजसुद्धा चढवला नाही.

"बदलताना पंप किती वेळ बंद असतो?"

"मिनिटभर. कमीच."

"त्या मिनिटात तुमच्या डोळ्यांपुढे कोण असेल?"

मावशीची नजर यंत्राकडे गेली.

"दुसरं कोणी असतं, तर मी तुम्हाला दारातसुद्धा उभं केलं नसतं," आई म्हणाली. "माझ्या लेकीचं नाव घ्या आणि मगच हात लावा. मला ऐकू आलं पाहिजे."

अकरा वाजले. तोंडाला मास्क लावून आई दाराशी उभी राहिली. मुलीच्या डोळ्यांवर औषधाची गुंगी चढत होती. नवा पंप तयार होता, नळ्यांना लावायचे चिमटे मांडलेले होते. मावशीने मुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि नाव घेतलं. स्पष्ट, अगदी मायेने. नाव आधीच्या मुलीचं होतं.

मावशीला रडू फुटलं. मुलीने जड पापण्या कशाबशा उघडल्या.

"ती मी नाही," ती म्हणाली. "मी अजून आहे ना, मावशी."

आणि तिला झोप लागली. मावशीने डोळे पुसून घेतले, हातमोजे बदलले आणि या मुलीचं नाव घेतलं.

"पुन्हा," दारातून आई म्हणाली.

तिने पुन्हा घेतलं आणि चिमटे लावले. नवा पंप सुरू झाला तो बावन्न सेकंदांनी. मावशी तेव्हाही ते नाव घेतच होती, आणि थांबायची तिला भीती वाटत होती.