पांढरी पिशवी

संग्रहालयांतल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या आणि त्या सांभाळणाऱ्या माणसांची एक संघटना होती. तिचं अधिवेशन दर वर्षी वेगळ्या शहरात भरायचं, आणि आदल्या दिवशी सगळे मिळून तिथल्या एखाद्या लहानशा संग्रहालयात फुकट राबायला जायचे. या वर्षी ते शहर होतं संघटनेतल्या एकीच्या मोठ्या बहिणीचं. त्यामुळे हॉटेल सोडून ती ताईकडेच उतरली होती, आणि आमच्या धाकटीचं उद्या मोठ्या हॉलमध्ये व्याख्यान आहे, हे ताईने मजल्यावरच्या झाडून सगळ्या घरांत सांगून झालं होतं.

ती एका मोठ्या संग्रहालयात नोंदणी अधिकारी होती. या कामात नव्याने आलेलं माणूस कधी ना कधी तिच्या शिबिरात बसलेलं असायचंच. तिची जरब होती, आणि ती असल्याचं तिला मनातून बरंही वाटायचं.

राबायची जागा म्हणजे जुनं अग्निशमन केंद्र. खाली कायमचा उभा केलेला लाल बंब, वरच्या दोन खोल्यांत शिरस्त्राणं, पितळी तोट्या, दोरखंड आणि फोटो. निवृत्त जवानांनी मिळून ते उभं केलं होतं. कारभार पाहायचे एक म्हातारे अधिकारी, त्यांना सगळे कॅप्टन म्हणायचे. आणि एक बाई होत्या, त्यांना सगळे वहिनी म्हणायचे. त्यांचे यजमान याच केंद्रात नोकरीला होते आणि एका गोदामाच्या आगीत गेले होते. तेव्हापासून वहिनी इथे येऊन काचा पुसायच्या, आल्यागेल्याला चहा द्यायच्या. सकाळी तिच्या हातात कप देताना त्या म्हणाल्या होत्या, "बरं झालं बाई तुम्ही आलात. आम्हाला नुसतं जपून ठेवता येतं, नीट ठेवता येत नाही."

कामाला लागण्याआधी तिने आपल्या गटाला नेहमीचे धडे दिले. पेन नको, पेन्सिल घ्या. वस्तू दोन्ही हातांनी उचला. आणि विचारल्याशिवाय कागदाचा कपटासुद्धा टाकायचा नाही. गटात एक निवृत्त शाळामास्तर होते. आपल्या गावच्या संग्रहालयात ते हौसेने मदत करायचे, अधिवेशनाला पहिल्यांदाच आले होते. त्यांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, तेव्हा बाकीचे गालात हसले.

लोखंडी कपाट तिने स्वतःकडे घेतलं. दुपारी संघटनेचे अध्यक्ष फोटोसाठी यायचे होते आणि तोवर कपाट लख्ख व्हायला हवं होतं. खालच्या कप्प्यात अगदी मागे एक काळी पिशवी सापडली. आत करपून कडक झालेला चामड्याचा आणि कापडाचा गोळा, चिठ्ठी नाही, क्रमांक नाही, वर कसर लागलेली. कीड इतर वस्तूंना लागेल म्हणून तिने शिस्तीत तो काळ्या पिशवीसकट पांढऱ्या पिशवीत घातला, वर आणखी एक पांढरी पिशवी चढवून घट्ट गाठ मारली आणि कचऱ्याच्या पोत्यात टाकला. कॅप्टन खालीच होते. एक हाक मारायची, एवढंच काम होतं. ते तिने केलं नाही.

मास्तरांनी पोती खाली नेली. कचऱ्याची गाडी आली, गेली. फोटो निघाले.

मग वहिनी वर आल्या. कपाट पाहून हरखल्या, खाली वाकल्या, मागपर्यंत हात घालून चाचपलं आणि तिच्याकडे वळल्या.

"इथली काळी पिशवी कुठे ठेवलीत? यांचा हातमोजा आहे तिच्यात."

गोदामातून यजमानांच्या अंगावरचं तेवढंच एक परत आलं होतं, हे कॅप्टन दबक्या आवाजात सगळ्यांना सांगू लागले. कोणी पाहिली का, त्यांनी विचारलं. ती बोलणार होती. उद्याचं व्याख्यान, अध्यक्ष, ताईचे शेजारी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि जीभ उचलेना. तेवढ्यात मास्तर पुढे झाले.

"पोती मीच खाली नेली. उघडून पाहायला हवं होतं, चुकलं माझं," असं म्हणत त्यांनी वहिनींपुढे हात जोडले. वहिनींनी कपाटाचं दार ओढून लावलं. अध्यक्षांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, होतं असं कधीकधी, म्हणाले. तीही इतरांसारखी मान खाली घालून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलबाहेर चहाच्या टेबलापाशी मास्तर भेटले. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या, कप धड धरता येत नव्हता. तिने विचारल्यावर संकोचून म्हणाले, "काल तसाच कचरा डेपोवर गेलो होतो मॅडम. तिथल्या लोकांनी आपल्या गाडीचा ढीग दाखवला. अंधार पडेपर्यंत काळ्या पिशव्या सगळ्या उघडल्या, एक सोडली नाही. काचा लागल्या थोड्या."

"काळ्याच?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"हो, वहिनी काळीच म्हणाल्या ना."

आतून तिला बोलावणं आलं. पहिल्या रांगेत ताई ठेवणीतली साडी नेसून बसली होती, शेजारी भावजी. ती बोलली, नेहमीसारखंच छान बोलली. विचारल्याशिवाय काही टाकू नका, या वाक्याला तिला मागच्या रांगेत मास्तर दिसले. पट्टी बांधलेल्या बोटांत पेन्सिल कशीबशी धरून ते तेच वाक्य पुन्हा लिहून घेत होते. टाळ्या पडल्या. त्या अंगावर पडताहेत असं तिला वाटलं.

टाळ्या थांबताच ती मागे गेली आणि मास्तरांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. मास्तर वही मिटून म्हणाले, "पांढऱ्या पिशव्या मी पायाने बाजूला सारत होतो हो."

दोघं रिक्षा करून डेपोवर गेले. तो ढीग सकाळीच यंत्राखाली दाबून पुढे गेला होता.

अग्निशमन केंद्राच्या जिन्याने ती एकटीच वर गेली. वहिनी फोटोंच्या काचा पुसत होत्या. सांगताना तिने कीड, कसर, नियम यातलं काही मधे आणलं नाही. मी टाकला, आणि काल गप्प बसले, एवढंच. वहिनींनी फडका खाली ठेवला.

"घरी ठेवला तर माझ्या हातून कुठे जाईल, म्हणून इथे आणून दिला होता," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "टाकलात ते एक वेळ समजेन मी. दिसायला चिंधीच होती ती. पण काल मी तुमच्याकडे पाहून विचारलं होतं, बाई."

त्यांनी चहा विचारला नाही. ती जिना उतरली. खाली कॅप्टनना आणि मग फोनवर अध्यक्षांना तिने तेच सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, आता कशाला वाढवता. तिने कालच्या अहवालात मास्तरांचं नाव होतं तिथे आपलं घालायला लावलं आणि पुढची शिबिरं दुसऱ्या कोणाला द्या म्हणाली. त्याने तिला जरासुद्धा हलकं वाटलं नाही.

घरी ताईने पानं घेतली होती. शेजारच्या काकू व्याख्यानाबद्दल विचारून गेल्या होत्या. पहिला घास उचलण्याआधीच तिने ताईला आणि भावजींना सगळं सांगून टाकलं. भावजी ताटाकडे पाहत राहिले. ताईने वाढता वाढता हात थांबवला.

"मास्तर डेपोवर गेले होते, हे तुला कधी कळलं? बोलायला उभी राहिलीस त्याच्या आधी, की नंतर?"

नंतर म्हणाली असती तर ताईने विश्वास ठेवला असता. लहानपणापासून ठेवत आली होती.

"आधी."

ताईने मान हलवली. तिच्या ताटात भात वाढला, त्यावर वरण घातलं आणि म्हणाली, "जेव." नंतर शेजारच्या काकूंनी व्याख्यानाचं विचारायला पुन्हा दाराची घंटा वाजवली तेव्हा ताई जागची उठली नाही, भावजींनाच उठावं लागलं.