माईच्या टाचेवरचं भिरंडेल

मित्रांनो, मी एक जुना गोळा आहे, भिरंडेलाचा. म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा. दुकानातल्या क्रीमसारखा मला ना वास, ना गुलाबी बाटली. पण मालवणात कुणाचे ओठ फुटू देत, कुणाच्या टाचा उलू देत, पहिली हाक मलाच!

गेल्या मे महिन्यात संचिताने मला बनवलं. ती नववीत आहे आणि आपल्याला सगळंच येतं असं तिचं ठाम मत होतं. तिने बिया वाळवल्या, कुटल्या, पाण्यात उकळल्या, वर तरंगलेलं तेल पळीने काढलं आणि थिजताना मुठीत दाबून माझा गोळा केला.

माझ्याकडे काम एकच, तिच्या आईचे पाय. माई मासळीबाजारात बसायची. दिवसभर पायाखाली बर्फाचं आणि खारं पाणी. टाचांच्या भेगांत चादरीचे धागे अडकायचे. त्यात तिला साखरेचा आजार. गोळी कधी घ्यायची, कधी विसरायची.

आमच्याकडे मला पळीत वितळवतात आणि कढत थेंब भेगेत सोडतात. चटका बसला की भेग बुजते, असं सगळेच मानतात. सुरुवातीला माई "आयो!" करून पाय मागे ओढायची. श्रावणात ती ओरडेनाशी झाली.

"माई, भाजता काय गो?"

"नाय. कायच लागना नाय."

"बघ, माज्या औषधाचो गुण!" संचिता नाचलीच. मीही फुगलो. खोटं कशाला सांगू?

बाजारात शेजारी बसणारी वजीरा म्हणाली, "पाय राणीसारखे झाले गो तुझे. सिनेमात जातलंस काय?"

डाव्या टाचेची एक खोल भेग तेवढी राहिली होती. माई म्हणाली, "आणखी कढत कर. चटको बसल्याशिवाय ती बुजाची नाय." संचिताने मला धूर येईपर्यंत तापवलं आणि ओतलं. मी कातडीखाली शिरलो. मला कळलं की मी जाळतोय. माई मात्र शांतपणे लसूण सोलत होती.

पुढे फोड आला, फुटला, काळा पडला. घरी वास यायचा, पण मासेवालीच्या घरी वासाचं कोण काय मनावर घेणार? शेवटी बाजारात वजीरानेच टोपली बाजूला सारली. "गो, ह्यो वास माशाचो नाय. पाय दाखव."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "साखरेमुळे पाय कधीचा बधिर झालाय. लागत नव्हतं, तेव्हाच आणायला हवं होतं." डावा पाय घोट्याच्या वर कापला.

"मीच जाळलंय तुका," संचिता रडत म्हणाली.

"माजो पाय, माकाच कळाक नाय. तुका खंयसून कळतला?" माई एवढंच बोलली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. आता बाजारात तिच्या जागी दुसरीच कुणी बसते.

मित्रांनो, मला थंडच लावा, हाताच्या उबेने मी आपसूक विरघळतो. साखर असलेल्या माणसाचे पाय रोज उजेडात धरून बघा. आणि दुखणारं अचानक दुखेनासं झालं, तर नाचू नका, डॉक्टरांकडे न्या.

संचिता रोज संध्याकाळी माईपुढे बसते. मला तळहातावर चोळते, नीट बघून बघून लावते. पण मी आता लवकर संपत नाही. एका पायाला असं कितीसं भिरंडेल लागतं?