चार नंबरचं तळं

चार नंबरच्या तळ्यातले मासे कधी मरतात, याची मी वाट बघत होते. ऐकायला वाईट वाटतं, पण खरं ते खरं. तीन नंबरला माझी पूड चालू होती: लसूण आणि शेवग्याचा पाला वाळवून, दळून, थोड्या तेलात कालवून खाद्याला चोळलेली. चारला नुसतं खाद्य. तीनचे मासे धडधाकट राहिले आणि चारचे आजारी पडले, तरच मालकीणबाईंना पटणार होतं की दरवर्षी औषधांच्या पिशव्या ओतायची गरज नाही. नाही पटलं तर पूड बंद, दळणाची खोली बंद, आणि मी परत जाळी धुवायला. ती खोली मिळवायला मी दोन वर्षं त्यांचं डोकं खाल्लं होतं.

आठ आठवड्यांची मुदत होती. सातवा संपत आला तरी चारमध्ये मेले किती? पाच. तीनमध्ये चार. माझ्या पायाला भिंगरी लागली. दळण झालं की तीनवर, मग चारवर, मग पुन्हा तीनवर. "अगं, बस की जरा," नवरा म्हणायचा. "तू फेऱ्या मारल्यास म्हणून मासे मरणार आहेत का?" त्याला काय जातंय बोलायला.

मोजणीच्या दिवशी माशांच्या डॉक्टरांनी दोन्ही तळ्यांतून तीस-तीस मासे काढले, वजनं केली, कल्ले उघडून पाहिले. माझा जीव टांगणीला. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "दोन्हीकडे सारखंच. छान आहेत हो मासे."

मासे छान होते, तेच तर दुखणं होतं.

"म्हणजे पूड घातली काय आणि न घातली काय," मालकीणबाई म्हणाल्या. "सोमवारपासून औषध सुरू करू."

मी तिथून निघाले. थांबले असते तर भांडण झालं असतं. तरातरा खाद्याच्या शेडमध्ये गेले आणि राग काढायला बादल्या घासायला घेतल्या. चार नंबरची बादली पुढ्यात ओढली, तर लसणाचा वास. तळाला हिरवट, तेलकट थर. ती बादली तीनकडे कधीच जात नाही, म्हणून तर तिच्यावर लाल रंगात चारचा आकडा काढलाय. आणि चारला खाद्य टाकणारा माणूस एकच, माझे सासरे.

बाबा बांधावर जाळं शिवत बसले होते. मी बादली त्यांच्यासमोर आदळली.

"हे काय आहे?"

त्यांनी बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "दुसऱ्याच आठवड्यात ते वर येऊन लटकायला लागले होते. सकाळचं खाद्य टाकतो तेव्हा तू दळणावर असतेस, तुला नाही दिसलं. अंगावर लाल चट्टे, खायला येईनात. मग तुझ्या डब्यातून रोज थोडी थोडी घेतली. दहा दिवसांत पळायला लागले बघ."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर घेऊ दिली असतीस?"

नसती दिली.

"अहो बाबा, ते आजारी पडायलाच हवे होते. त्यासाठीच तर ते होते."

"ठाऊक आहे मला. पण घरात दोन पोरं तापली, तर औषध काय एकालाच द्यायचं? तीस वर्षं या हातांनी खाऊ घालतोय. नाही जमलं गं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कुणावर? माझी पूड लागू पडली होती, आणि त्याचा पुरावा या भल्या माणसाने पुसून टाकला होता. मालकीणबाईंना सांगावं, तर त्यांचा नियम सगळ्यांना पाठ: खाद्यात परस्पर ढवळाढवळ करणारा माणूस तळ्यावर नको. मागच्या वर्षी राखणदाराला असंच घरी बसवलं होतं.

"जा, सांग," बाबाच म्हणाले. सुई थांबली नाही त्यांची.

मी सांगितलं. त्यांच्या कचेरीचा जिना चढताना दोनदा मागे फिरले, पण सांगितलं. मालकीणबाईंनी डॉक्टरांचे दोन्ही कागद बाजूला सारले.

"नवे मासे सोडा, पुन्हा आठ आठवडे बघू," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, आता घरी आराम करा. चारला खाद्य कोण टाकणार?"

"मी," मी म्हणाले. दुसऱ्या कुणावर सोडायची माझी तयारी नव्हती.

तिसरा आठवडा लागला. सकाळी बादली घेऊन गेले, तर चारचे मासे पाण्यावर तोंडं काढून लटकलेले. मी टाकलेलं खाद्य त्यांच्या अंगावरून तसंच बुडालं. पुडीच्या डब्याची किल्ली माझ्याच कमरेला होती. मी बांधावरून उतरले, शेडपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. डबा उघडला नाही. संध्याकाळपर्यंत सव्वीस मासे मेले. मी ते जाळीने काढले आणि वहीत आकडा लिहिला. तीनमध्ये एकही नाही. डॉक्टर आले, वही बघून म्हणाले, "वा, आता कसं स्पष्ट दिसतंय."

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. काम सुटल्यापासून त्यांना दिवस खायला उठतो.

"चारचे खातायत ना गं?"

"खातायत," मी म्हणाले. "चांगले खातायत."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठून आत गेले. त्यानंतर त्यांनी माशांविषयी मला काही विचारलेलं नाही.