पायरी उतरणारं गिऱ्हाईक

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारपेठेत सिद्रामप्पांचं कापडाचं दुकान आहे. दुकान काही फार मोठं नाही, पण तिथून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं पायरी उतरलंय, असं कुणी पाहिलं असेल तर पुढं यावं! हिरवं लुगडं मागा. हिरवं नसलं तर सिद्रामप्पा निळं उलगडतील, निळं नको तर जांभळं, तेही नको तर पोलक्याला खण, आणि अगदीच अडलं तर एक रुमाल तरी हातात कोंबतील. ‘बघून येते’ म्हणणाऱ्या बाईला तर ते मुळीच हलू द्यायचे नाहीत. बघून येते म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नसतं, हे त्यांचं ठाम मत. आणि इतक्या वर्षांत ते एकदाही खोटं ठरलेलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक मंजुश्री दुकानाच्या ह्याच गादीवर लहानाची मोठी झाली. फ्रॉकात होती तेव्हापासून पायरी उतरणाऱ्या बायकांमागं धावायची, पदर धरून म्हणायची, “मावशी, हे तर बघा!” बापाला काय कौतुक त्याचं!

ती बीकॉम झाली आणि म्हणाली, मला एमबीए करायचंय, आणि तेही नावाजलेल्या संस्थेत. त्यासाठी कॅटची परीक्षा. लातूरला खोली केली, क्लास लावला. दर रविवारी सराव परीक्षा व्हायची आणि संध्याकाळी फोन यायचा.

“अप्पा, बहात्तर.”

“मग झ्याकच की! शंभरात बहात्तर म्हंजे काय कमी हाय?”

“तसं न्हाई ओ अप्पा. शंभर पोरांतली बहात्तर माझ्या मागं हायत. पुढं जी हायत ती सगळ्या जागा घेऊन जाणार. मला अठ्ठ्याण्णव पायजेत.”

फोन ठेवून सिद्रामप्पा देव्हाऱ्याकडं बघायचे, पण नेमकं मागावं काय ते त्यांना कळायचं नाही. खरं सांगायचं तर बहात्तर ऐकून त्यांना आतून बरं वाटायचं. बहात्तरवाली पोरगी जाऊन जाऊन जाणार कुठं? लातूरला बँकेत लागेल, निलंग्याकडचं एखादं स्थळ येईल, सणावाराला सकाळी निघाली तर जेवायला दारात हजर. अठ्ठ्याण्णववाली मात्र नकाशात शोधावी लागणार. लेक जवळ असावी, एवढंच त्या माणसाला हवं होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटायची.

“बघा की तोंड! पोरीचं हुकलं तर पेढे वाटाल तुम्ही,” त्यांची बायको शांतम्मा म्हणायची. तिच्यापासून कधी काही लपलं नाही.

दिवाळीला मंजुश्री घरी आली, तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. दुकानामागच्या खोलीत लॅपटॉप मांडून तिनं सराव परीक्षा दिली. सिद्रामप्पा चहा घेऊन गेले तर पोरगी घामाघूम. एका गणिताला गोचिडासारखी चिकटलेली आणि समोर घड्याळ पळतंय. शेवटच्या मिनिटाला तिनं उरलेल्या सगळ्या प्रश्नांना धडाधड काहीतरी उत्तरं ठोकली. आकडा आला, एकाहत्तर.

“हे शेवटी काय केलंस गं?”

“अंदाजानं मारले.”

“आन चुकले तर?”

“मिळालेले मार्क कापतात.” “सर कानीकपाळी ओरडून राहिले, येत न्हाई तो प्रश्न सोड, पुढं जा. मला कळतंय ओ अप्पा. पण प्रश्न तसाच मोकळा सोडायचा म्हणलं की जमतच न्हाई. हातच ऐकत न्हाई माझा.”

सिद्रामप्पांच्या हातातला चहा तसाच राहिला. हा न ऐकणारा हात त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. रिकाम्या हातानं पायरी उतरणारं गिऱ्हाईक दिसलं की त्यांचाही हात असाच रुमालाकडं जायचा. पोरीला ही खोड कॉलेजात लागलेली नव्हती, ती ह्या गादीवरची होती. प्रत्येक प्रश्नाच्या हातात ती रुमाल कोंबत होती.

गप्प बसलं असतं तर? कुणाला काय कळणार होतं! पोरगी एकाहत्तरावर राहिली असती आणि घराजवळ राहिली असती. दोन दिवस सिद्रामप्पांना जेवण गेलं नाही. शांतम्माला वाटलं, पित्त खवळलं. तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. सकाळीच त्यांनी मंजुश्रीला गादीवर बसवलं.

“आज दुकान तुझं. मागितलेला माल असला तर द्यायचा. नसला तर न्हाई म्हणायचं. बदल्यात दुसरं काही दाखवायचं न्हाई. रुमालसुद्धा न्हाई.”

“अप्पा, डोस्कं फिरलं का तुमचं? बाजाराचा दिवस हाय!”

“म्हणूनच.”

पहिली आली साखराबाई, दुकानाची जुनी आणि तिखट जिभेची गिऱ्हाईक. तिला मोरपंखी लुगडं पाहिजे होतं. मंजुश्रीचा हात आपसूक निळ्या गठ्ठ्याकडं गेला. सिद्रामप्पा खाकरले. हात मागं आला.

“न्हाई आजी. मोरपंखी न्हाई आपल्याकडं.”

साखराबाई आरामात बसून राहिली, आता दुसरं उलगडेल म्हणून. “मग दुसरं दाखीव की!”

“दुसरं न्हाई दाखवत.”

“अगं बया! सिद्रामप्पा, शिकून येडी झाली काय तुमची पोरगी?”

म्हातारी तणतणत पायरी उतरली, रिकाम्या हातानं. मंजुश्रीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सिद्रामप्पांनी बसल्या जागी गादीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं, नाहीतर तेच मागं धावले असते.

पण दुपार कलली तशी पोरगी सैल होत गेली. तिचं ‘न्हाई’ सोपं व्हायला लागलं. त्यात राग नव्हता, ओशाळलेपण नव्हतं, मागून पदर ओढणं नव्हतं. जो माल होता तो दाखवायला आता तिला सवड मिळत होती. दिवे लागले तशी ती बापाकडं बघून एकदम हसली.

“कळलं अप्पा.”

“कळलं ना? मग झालं,” म्हणून सिद्रामप्पा मीटरची पट्टी पुसत बसले. ती सकाळीच पुसून झाली होती.

पुढच्या रविवारी फोन आला, चौऱ्याऐंशी. नंतर एक्क्याण्णव. सिद्रामप्पा शेजारच्या दुकानात ऐकू जाईल असं “शाब्बास!” म्हणायचे, आणि फोन ठेवला की उगाच कापडाचे चार ताके खाली काढून पुन्हा वर लावायचे.

परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. बापलेक एसटीनं गेले. गेटबाहेर अर्धापूरचे एक केळीवाले व्यंकटराव मुलासाठी थांबले होते. “माझ्या पोराचं नशीब उघडू दे, बस. तुमचं काय मागणं?” त्यांनी विचारलं. “माझंबी तेच,” सिद्रामप्पा म्हणाले. हे पुरतं खरं नव्हतं.

मंजुश्री बाहेर आली ती जवळजवळ पळतच. “अप्पा, लई सोडले! सोडले आन मागं वळून बघितलंसुद्धा न्हाई!”

आकडा अठ्ठ्याण्णवच्या वर गेला. मुलाखतही झाली, आणि जूनमध्ये पोरगी शिलाँगच्या संस्थेत शिकायला गेली. सिद्रामप्पा मोबाइलवर नकाशा काढायचे. शिलाँग आणि मुरुड एकाच वेळी दिसायला हवं तर नकाशा इतका बारीक करावा लागायचा, की मुरुडच दिसेनासं व्हायचं.

दिवाळी आली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना फोन वाजला.

“अप्पा, दिवाळीला येणं न्हाई जमत.”

“बरं, दिवाळी ऱ्हाऊ दे. येळवशीच्या सणाला ये. शेतात जाऊ, आई भज्जी करंल, अंबील करंल.”

“तेव्हा परीक्षा हाय.”

“मग शिवरात्रीला?”

“क्लास असतेत अप्पा.”

“मग उन्हाळ्यात गं. उन्हाळा तर तुमचा मोकळाच की!”

“उन्हाळ्यात कंपनीत काम करायचं असतंय, दोन महिने.”

“एक दिवस तरी? येता-जाता, एकच दिवस.”

“बघते अप्पा,” ती मायेनं म्हणाली, “बघून सांगते.”

सिद्रामप्पांचा जीव गलबलून गेला. “बघ बाई,” ते म्हणाले, “सावकाश बघ. दुकान हाय की आपलं, हितंच.”

फोन ठेवून ते पायरीपर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. मागं गिऱ्हाईक त्यांना हाका मारत होतं.