गंगम्माच्या बाजूचं दार

मित्रांनो, ताडकळसच्या सांबप्पांच्या दारात उभी असलेली जुनी हिरवी जीप म्हणजे मी. माझं छत पत्र्याचं, दारंही पत्र्याचीच. पुढच्या सीटमागे माल ठेवण्यासाठी लोखंडी जाळी ठोकलेली. काळ्या रानातल्या चिखलात ट्रॅक्टर रुतायचे, तेव्हा लोक मला बोलावून न्यायचे. "अप्पाची जीप हाय, निघतीच," असं म्हणायचे. ते ऐकून मी फार सुखावत असे.

पण लोक माझं इंजिन बघत, चाकं बघत. दारांकडे कुणी बघत नसे.

गंगम्मा, म्हणजे सांबप्पांची बायको, नेहमी डावीकडे बसायची. त्या दाराचं आतलं हँडल आधी ढिलं झालं, मग तुटलं. उरला नुसता बोटभर खुंट. अप्पा पकडीनं तो खुंट फिरवून दार उघडून देत. काच तर कधीचीच वर अडकून बसली होती. उजवं दार आतून उघडतच नसे, बाहेरून किल्ली फिरवावी लागे. त्यामुळे अप्पा उतरताना गंगम्माच्या अंगावरून वाकून पकडीनं डावं दार उघडत आणि तिच्यामागून उतरत. माझा हॉर्नही मुका झाला होता.

चंद्रभान मिस्त्रीनं एकदा दार हलवून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"अप्पा, कुलपाची जीभ पार घासलीय. हँडल, कुलूप, समदं बदलावं लागतंय. हे असं ठिवू नका."

"चलायलीय न्हवं गाडी? बघू फुडं," अप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून आत बसताना गंगम्मा गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवू लागली. तिच्या मनातली धास्ती मला कळत होती. दारं आतून किती गंजलीत, ते मला तर तिच्याहून जास्त ठाऊक होतं.

वैशाखात दोघं सोनपेठच्या बाजाराला निघाली. एका दुकानासमोर अप्पांनी मला उन्हातच उभं केलं. त्यांना पंपाचा वॉल्व्ह दाखवायचा होता. गंगम्माचे पाय दुखत होते, ती आतच थांबली. अप्पा या खेपेला त्यांच्या बाजूची काच खाली करून, बाहेर हात काढून किल्लीनं दार उघडून उतरले. मग सवयीनं काच वर करून त्यांनी किल्ली फिरवली.

"पाच मिंटात आलो."

वॉल्व्हचा नट खोलायला त्यांनी पकड सोबत नेली होती.

माझा पत्रा तापू लागला. गंगम्मानं पदरानं वारा घेतला. मग तिनं खुंट धरला. तो फिरेना. तिनं पदर गुंडाळून जोर लावला, तेव्हा खुंटाची धार तळव्यात घुसली. उजवीकडे सरकून तिनं काचेची मूठ फिरवून पाहिली. ती नुसतीच गरगर फिरली. काच खालीवर ओढणारी आतली दोरी त्याच वेळी तुटली असावी.

"अहो! ऐकू येतंय का कुणाला?"

बाजारात भोंगे वाजत होते. माणसं माझ्या अंगाला घासून जात होती. चिखलातून ट्रॅक्टर ओढून काढणारी मी, पण माझ्याच पोटातली बाई मला काढता येईना. तिच्या बांगड्या काचेवर आपटत होत्या. हळूहळू तो आवाज मंद झाला.

समोर कैऱ्या विकणाऱ्या नर्मदाबाईंचं लक्ष गेलं. त्या धावत आल्या. त्यांनी बाहेरचं हँडल ओढलं आणि ते त्यांच्या हातातच आलं.

"अगं माय!" त्या ओरडल्या. तराजूतलं दोन किलोचं वजन उचलून त्यांनी काच फोडली. गंगम्माच्या तोंडावर पाणी मारलं. अप्पा धावत आले आणि त्यांनी किल्लीनं उजवं दार उघडून तिला बाहेर काढलं.

गंगम्माला दोन दिवस सलाईन लागलं. ती घरी आली तेव्हा अप्पा म्हणाले, "भंगारात घालतो हिला. न्हाईतर इकून टाकतो."

"इकू नका," गंगम्मा म्हणाली. "जो घील, त्याच्या घरचं बी कुणी बसंलच की आत. दारं नीट करा."

चंद्रभाननं अंगणात माझी दारं खोलली. आतल्या सळया गंजून वाकल्या होत्या. त्यानं त्या काढल्या, नवी हँडलं आणि नवी कुलपं बसवली, चौकटीवरचे खटके बदलले, काचा खालीवर करून पाहिल्या.

मग गंगम्मा उठली. पट्टी बांधलेल्या हातानं तिनं दार ओढून घेतलं आणि एकटी आत बसली. चंद्रभाननं घाईनं बाहेरचं हँडल धरलं.

"हात काढ," ती आतून म्हणाली. "त्या दिवशी भायेर कोण हुतं?"

तिनं आतलं नवं हँडल धरलं. मग खटका वाजला आणि दार उघडलं. अप्पा ओट्यावर बसून रडत होते.

मित्रांनो, याला वर्ष झालं. परवा मला उजव्या हँडलात केसाएवढी ढिलाई जाणवली. अजून ती कुणाच्या हाताला लागलेली नाही. मला बोलता येत नाही, पण तुम्हाला येतं. तुमच्या घरातलं बंद होणारं प्रत्येक दार आज एकदा आतून उघडून पाहा. आणि ते जरासं जरी अडलं, तर मोठ्या माणसांना सांगा. ते "बघू फुडं" म्हणाले, तर पुन्हा सांगा.