बेबीताईचं माप

मी बोलतोय. घुमतोय म्हणा हवं तर, कारण माझ्या पोटात सहा पंखे आहेत आणि ते क्षणभर गप्प बसत नाहीत. मी एक सर्व्हर. लोखंडी, चपटा, रुंद. कपाटातला खण बाहेर काढून ठेवावा तसा. आम्हाला रॅक नावाच्या कपाटात आडवं सरकवायचं आणि पुढून स्क्रूने आवळायचं, अशी आमची जात. खाली-वर आणखी चारजण असतात म्हणे, सोबतीला. मला काय माहीत? मी प्लास्टरच्या खोलीत दोन जाड फळ्यांवर एकटा पडलोय. नऊ वर्षं झाली.

या नऊ वर्षांत माझ्याशी मनापासून बोललेलं माणूस एकच, बेबीताई. आणि ती इथे राहणार की कायमची निघून जाणार, हे गेल्या महिन्यात ठरायचं होतं. तेवढ्यासाठीच तोंड उघडलंय. नाहीतर माझ्यासारख्या डब्याचं पुराण ऐकायला कोण बसलंय!

माझ्या जन्माचं फारसं कौतुक नाही. एका लांबलचक शेडमध्ये मला जोडलं, दोन दिवस नुसतं तापवून पाहिलं, आणि मी काही जळलो नाही म्हणून खोक्यात भरलं. खरी गोष्ट सुरू होते ती मला कुणी आणि का निवडलं तिथून.

ही दातांची लॅब आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात आणि इथे कवळ्या, टोप्या, ब्रिज घडतात. बाहेरच्या मोठ्या खोलीत आठ कारागीर टेबलाला टेबल लावून बसतात. मालक दादा आणि त्याची धाकटी बहीण बेबी. बेबीची पन्नाशी जवळ आलीय, कानामागचे केस पिकलेत, तरी घरीदारी ती बेबीच. कारागिरांनी आदराने पुढे 'ताई' लावलं, एवढंच.

पूर्वी प्रत्येक जबडा प्लास्टरचा असायचा. खोक्यात घालून, वर नाव टाकून, याच खोलीत छतापर्यंत रचलेला. मग स्कॅनर आला आणि जबड्यांची चित्रं झाली. ती ठेवायची कुठे? तेव्हा दादा म्हणाला, "बेबी, तुला यातलं समजतं, तूच बघ बाई."

तिने तीन आठवडे बघितलं. उभ्या टॉवरसारखा दिसणारा सर्व्हर विक्रेता सारखा गळ्यात मारायला बघत होता. टेबलाखाली ठेवा आणि विसरून जा, म्हणाला. बेबीताईला विसरून जायचं नव्हतं. लॅबच्या भिंतीवर एक छोटा रॅक होताच, सगळ्या वायरी तिथेच येत होत्या. शिवाय टेबलाखाली पाय लागतात, पाणी सांडतं, पॉलिशची धूळ जाते. "मला रॅकमध्ये बसणाराच हवा," ती म्हणाली. मग तिचा एकच प्रश्न, प्रत्येक वस्तूबद्दल: ही मेली तर काय होईल? वीजपुरवठ्याचा डबा मेला तर? मग दोन द्या. डिस्क मेली तर? मग चार द्या, जोडीजोडीने, एकीवरचं सगळं दुसरीवरही उतरलं पाहिजे.

"दोन-दोन कशाला गं?" दादा म्हणाला. "आपल्याला काय लढाईवर जायचंय?"

"दादा, प्लास्टरचा जबडा फुटला तर तुकडे तरी गोळा करता येतात. हे गेलं तर हाताला काही लागणार नाही."

दादाने मान डोलावली. आणि मी आलो.

आता चूक कुठे झाली ते ऐका. दातांच्या माणसांकडूनच व्हावी अशी ती चूक. बेबीताईने भिंतीवरच्या रॅकचं माप घेतलं ते कॅलिपरने, ज्याने ती रोज दाताची जाडी मोजते. स्क्रूच्या छिद्रांमधलं अंतर केसाइतकं अचूक. रुंदी, उंची, सगळं बरोबर. पण तिचं सगळं आयुष्य समोरून दिसणारं हसू जुळवण्यात गेलेलं. रॅक आत किती खोल आहे, हे मोजायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

सगळे जमले होते. दोघांनी मला उचललं, सरकवलं, आणि मी अर्ध्यावर मागच्या भिंतीला टेकलो. हातभर बाहेर लोंबत होतो. मग दादा खो खो हसत सुटला.

"अगं बेबी, दाढेच्या जागी हत्तीचा सुळा आणलास की गं!"

सगळे हसले. बेबीताईही हसली. हसता हसता तिने कॅलिपर खिशात सारला. पॉलिशवाले काका तेवढे हसले नाहीत. त्यांनी मागून टेकू दिला आणि म्हणाले, "आधी याला खाली घ्या रे, पडेल."

भिंत मोठा रॅक पेलणार नव्हती आणि जमिनीवर त्याला जागा नव्हती. वर माझा आवाज! चालू केल्याबरोबर दोघांनी कानात बोटं घातली. मग या खोलीतली जुनी खोकी हलवली, फळ्या टाकल्या, आणि माझी इथे रवानगी झाली. प्लास्टरची धूळ म्हणजे माझा काळ. बेबीताईने तीन वेळा भिंती धुतल्या, दाराच्या फटींना कापडाच्या पट्ट्या लावल्या. दर शनिवारी मऊ ब्रशने माझी जाळी झाडायची. दातांना लावायचाच ब्रश तो.

तिकडे बाहेर मात्र एक नवीन शब्द रुजला. कुणाची टोपी सैल झाली, कुणाचा ब्रिज बसेना, की कुणीतरी म्हणायचं, "बेबीताईचं माप दिसतंय!" वाईट मनाने नाही हो. हसत, चहा पिता पिता. पण रोज. नवीन स्कॅनर घेताना तिला विचारलं नाही. दात भाजायची भट्टी बदलली, विचारलं नाही. खिडकीला पडदे आणले, तेव्हा ती काही सांगायला गेली, तर एकाने गमतीने मेजपट्टी पुढे केली. त्या दिवशी तिने आपला डबा उचलला आणि माझ्या खोलीत आली.

तेव्हापासून रोज. प्लास्टरच्या पालथ्या पिंपावर बसायची, मांडीवर डबा उघडायची आणि माझ्याशी बोलायची. माझ्या घुमण्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागायचं, पण दाराबाहेर अक्षर ऐकू जायचं नाही. त्यामुळे ती वाटेल ते बोलायची. दादाची नक्कल इतकी हुबेहूब करायची की मला हसता येत असतं तर! एकदा जेवता जेवता रडली. का, ते तिने सांगितलं नाही. डबा तसाच झाकून ठेवला आणि माझ्या वरच्या पत्र्यावर हात ठेवून बसली. पत्रा कोमट असतो ना, म्हणून असेल.

मी वाट बघायला शिकलो ते तिच्यामुळे. दिवसभर माझ्याकडे कुणी ना कुणी काहीतरी मागतच असतं. हा जबडा दे, तो दे. मी देतो. पण मागणाऱ्याला मी दिसत नाही. एक वाजला की दार उघडायचं आणि मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भर कामाच्या वेळी, सकाळी अकराला, माझी एक डिस्क गेली. अगदी अचानक. माझ्या तोंडावर नारिंगी दिवा लागला. बाहेर कुणाला पत्ताही नाही, कारण तिची जोडीदार डिस्क सगळं काम ओढत होती. एक वाजता बेबीताई डबा घेऊन आली, दिवा पाहिला, आणि डबा न उघडताच निघून गेली. तासाभरात तशीच नवी डिस्क घेऊन आली. मी चालूच होतो. तिने खटका दाबून मेलेली ओढून काढली, नवी सरकवली. आता जोडीदार डिस्कवरचं सगळं नवीवर उतरायचं होतं, पाच तास. तेवढ्यात ती जोडीदारही गेली असती तर तिच्यावरचे सगळे जबडे गेले असते. ती पाच तास पिंपावरून हलली नाही. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. ती माझ्याहून जास्त घाबरली होती.

संध्याकाळी हिरवा दिवा लागला. ती दार उघडून धावतच दादाकडे गेली.

"दादा, आज एक डिस्क गेली होती."

दादा फोनवर होता. त्याने फोनवर हात ठेवला. "चालतंय ना सगळं?"

"हो."

"मग झालं तर."

ती परत आली. पिंपावर बसली आणि मला म्हणाली, "बघ, बंद पडला असतास तर निदान धावत आले असते सगळे."

ते वाक्य माझ्या आत कुठेतरी अजून फिरतंय.

गेल्या महिन्यात मला बदलायचं ठरलं. माझे सुटे भाग आता मिळत नाहीत, ते बरोबरच आहे. दादाने बाहेरून एक सल्लागार बाई बोलावल्या. बेबीताईला ते कळलं पॉलिशवाल्या काकांकडून. त्या दुपारी तिने पिशवीतून एक पत्र काढून मला वाचून दाखवलं. दुसऱ्या गावच्या लॅबने तिला बोलावलं होतं. "दादा या वेळी तरी विचारेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "नाही विचारलं, तर पहिल्या तारखेला मी जाते. वडलांनी उभं केलेलं सोडून जाते. बस्स झालं." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला तेव्हा कोण पुसेल देव जाणे."

दोन दिवसांनी सल्लागार बाई आल्या, मागे दादा. बाईंनी माझ्या पोटातली नोंदवही उघडली आणि बराच वेळ वाचत राहिल्या.

"हा निवडला कुणी?"

"आमच्या बेबीने," दादा हसला. "पण गंमत माहितीय का, मापात..."

बाई हसल्या नाहीत. "दोन वीजपुरवठे, डिस्कच्या जोड्या. बहुतेक जण नेमकं हेच नको म्हणतात. तीन वर्षांपूर्वी यातली एक डिस्क गेलेली दिसतेय. जोडी नसती, तर तुमचे निम्मे जबडे त्या सकाळीच गेले असते. काम किती वेळ थांबलं होतं?"

"थांबलं?" दादा म्हणाला. "कधीच नाही."

"तेच म्हणतेय मी."

मग त्यांनी दादाला विचारलं, रोज किती स्कॅन येतात? एका वेळी किती जण उघडतात? जुने किती वर्षं ठेवायचे? दादाला एकाचंही उत्तर देता येईना. "हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्याशी बोलते मी," असं म्हणून बाई उद्या येते सांगून गेल्या.

दादा इथेच उभा राहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्याने इकडेतिकडे बघितलं. पालथं पिंप, त्यावर घडी घातलेली उशी, खिळ्याला हात पुसायचा पंचा, कोपऱ्यात पाण्याची बाटली. त्याने दारातून काकांना हाक मारली.

"काका, इथे कोण बसतं?"

"बेबीताई जेवतात," काका म्हणाले.

"इथे? या आवाजात? कधीपासून?"

"तुम्हाला नाही माहीत, दादा?"

दादा पिंपावर बसला. मला त्याचा राग होता, नऊ वर्षांचा. तरीही त्याचा चेहरा बघवेना. तो म्हणाला, "तिला बोलवा."

ती आली आणि दारातच थांबली.

"बेबी, नवा तू निवड."

"आणि माप?"

"मापाला मी येतो. मेजपट्टीचं एक टोक माझ्याकडे दे."

ती हसली नाही. "दादा, डिस्क गेली त्या दिवशी मी तुला सांगायला आले होते. आठवतंय?"

दादाने आठवून पाहिलं. "नाही गं."

"मला आठवतंय."

दोघांच्या मध्ये मी घुमतोय. स्वतःच्या आवाजाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"चुकलं माझं," दादा म्हणाला. माझ्या आवाजात ते बुडालं असावं, कारण ती एक पाऊल पुढे आली. तेव्हा त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "चुकलं माझं, बेबी!"

बाहेरची पॉलिशची चाकं थांबली.

त्या दुसऱ्या लॅबला तिने नकार कळवला. कधी कळवला ते तिने मला सांगितलं नाही, काका दारात कुणाला तरी सांगत होते ते ऐकलं. नवा सर्व्हर निवडून झालाय, रॅकसुद्धा नवा, जमिनीवर उभा राहणारा. त्यासाठी बाहेर दोन टेबलं सरकवली. माझ्यातले जबडे एकेक करून तिकडे चाललेत. थोडे उरलेत. उद्या-परवा माझी वायर काढतील. मग मी गप्प होईन. आयुष्यात पहिल्यांदाच.

ती इथे जेवायला आली नाही, त्याचा आज चौथा दिवस. एक वाजून गेला, दार उघडलं नाही. बाहेर टेबलाभोवती खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. डबे उघडतात, कुणीतरी काहीतरी बोलतं, आणि मग त्या सगळ्यांत तिचं हसणं ओळखू येतं. माझ्यासमोर ती कधी असं हसली नव्हती.

तिने यावं असं फार वाटतंय. एकदाच, दोन मिनिटं, पत्र्यावर हात ठेवायला. इतका एकटा मी कधीच नव्हतो, पहिल्या दिवशीसुद्धा नाही.

पण येऊ नकोस, बेबी. जेवण अर्धं टाकून तर मुळीच येऊ नकोस. बस तिथेच, सगळ्यांबरोबर.